सायकलची घंटी

एकदा एक मास्तर आपल्या वृद्ध पाळकसाहेबांकडे उतरल्या चेहऱ्याने गेले. गाव गोदावरीच्या काठचे, ख्रिस्ती वस्ती लहानशी. मास्तरांचे नाव शांतवन. नाव ठेवताना आईबापांची काही आशा असणार, पण गावातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्या आवाजाला घाबरूनच पाढे पाठ केले होते. मास्तर वर्गात शिरले की पाखरू फडफडायचे नाही, आणि त्या शांततेलाच ते मान समजत असत.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी मंडळीत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, प्रभुभोजन होते. पाळकसाहेब ओट्यावर बसून त्यासाठीचे द्राक्षरसाचे छोटे पेले फडक्याने पुसत होते.

"सलाम, पाळकसाहेब. उद्या माझ्यासाठी पेला ठेवू नका," मास्तर म्हणाले.

"सलाम. का रे, पोट बिघडलंय?"

"थट्टा नको, साहेब. प्रभूच्या मेजापाशी येण्याआधी माणसानं स्वतःला तपासावं, हे तुम्हीच आम्हांला शिकवलं. मी तपासलं. आत काही नाही. परवाच्या संजीवन सभेत एकेक जण उठून साक्ष देत होता. कोणाला दर्शन झालं, कोणाची दारू सुटली. मी खाली मान घालून बसलो. नव्यानं विश्वासात आलो तेव्हा प्रार्थनेत डोळे भरून यायचे. आता गुडघे टेकले की डुलकी येते. इतक्या वर्षांत मी तसूभर वाढलो नाही. आणि मंडळी मला आपला वडील, म्हणजे पुढारी, नेमायला निघालीय! मी नाही म्हणणार आहे. मेजापाशीही येणार नाही."

ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्याने स्वतःला नापास करायला मागेपुढे पाहिले नव्हते.

पाळकसाहेबांनी शेवटचा पेला पुसून ठेवला. मास्तरांना वाटले, आता शास्त्रातले एखादे वचन काढतील. पण म्हातारा काठी घेऊन उठला.

"आज तुझ्याकडं जेवायला येतो. मी पुढं जातो. तू इथंच थांब जरा, आणि मग रोज येतोस तसा सायकलची घंटी वाजवत ये."

"बरोबरच जाऊ की. आणि घंटी कशाला?"

"म्हाताऱ्याचं एवढं ऐक."

मास्तर थांबले. आपण मनातले दुःख सांगावे आणि समोरच्याने जेवण मागावे, याचा त्यांना मनातून रागच आला होता. तो गिळून त्यांनी सायकल काढली आणि गल्लीच्या तोंडाशी येताच सवयीने घंटी वाजवली.

घरातून त्यांच्या मुलीचा, सलोमीचा, आवाज येत होता. ती उपासनेतले गीत म्हणत होती, तेही सुराच्या बरेच बाहेर. मास्तर अंगणात पोहोचले तरी गाणे चालूच. उलट मध्येच ते तोडून ती ओरडली, "पप्पा, तिथं सायकल लावू नका! कुरडया वाळत घातल्यात!" आणि पुढची ओळ धरली. चुलीपाशी त्यांची पत्नी रत्नमाला भाकरी थापत होती. तिने वळून नुसते पाहिले, हसली, आणि पुन्हा परातीकडे वळली. कोणी उठले नाही. कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला नाही.

पाळकसाहेब मागच्या दाराशी बाजेवर बसून हे सारे ऐकत होते. मास्तर ओशाळून त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "पाहिलंत ना, साहेब? माझ्याच घरात माझा हा धाक. मी मंडळी काय सांभाळणार!"

तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "शांतवन, मी याच बाजेवर पूर्वी कितीदा बसलोय. तुझी घंटी वाजली की ही पोर गाणं अर्ध्यावर टाकून पुस्तक पुढ्यात ओढायची. रत्नमालेच्या हातातली भांडी वाजायची बंद व्हायची. घरात बाप यायचा नाही रे, शाळा तपासायला साहेब यायचा. आज घंटी वाजली आणि गाणं थांबलं नाही. तेवढंच ऐकायला मी आलो होतो. पोरीला आपली वाढ कधी दिसते का? परकर आखूड झाला की ती आईला दिसते. तू आपली वाढ प्रार्थनेतल्या डुलकीत शोधत बसलास. प्रभूनं ती या घरात ठेवली होती."

मास्तर चुलीपाशी जाऊन पाटावर बसले.

"मी यायचो तेव्हा भीती वाटायची का गं तुम्हांला?"

रत्नमालेने भाकरी तव्यावर टाकली. "वाटायची," ती म्हणाली. "अलीकडं नाही वाटत. गेल्या नाताळात सलोमीनं तुमच्या नव्या कोटावर शाई सांडली, तेव्हा आम्ही दोघी श्वास धरून बसलो होतो. तुम्ही म्हणालात, धुऊन निघेल, पोरी. नाही निघाली. तुम्ही तसाच घालून देवळात गेलात."

मास्तरांना शाईचा डाग आठवत होता. आपण काय म्हणालो ते मात्र काही केल्या आठवेना. आपल्याच लेकराने इतकी वर्षे आपल्या चाहुलीने गाणे गिळले, याची त्यांना मनस्वी लाज वाटली. आणि ते गाणे आता घरभर मोकळे चालले आहे, याचा आनंद त्या लाजेहून मोठा होता. "मला क्षमा कर," ते पत्नीला म्हणाले. तिने मान हलवली आणि पहिली गरम भाकरी पाळकसाहेबांच्या ताटात वाढली.

"साहेब," मास्तर तिथूनच म्हणाले, "उद्या मी मेजापाशी येतो."

"ये. पण आधी जेव," म्हातारा म्हणाला.

मास्तरांनी पहिला घास मोडला, इतक्यात सलोमी चुलीपाशी आली आणि विचारू लागली, "पप्पा, तिसऱ्या कडव्याची चाल कशी आहे हो? माझी दर वेळी चुकते." आजवर तिने त्यांना चुकलेले काहीही आपणहून दाखवले नव्हते. मास्तरांनी घास खाली ठेवला आणि चाल धरली.

आपण देवाच्या किती जवळ आलो हे जाणायचे असेल, तर आपल्याजवळ यायला घरच्यांना अजून किती धीर करावा लागतो, ते पाहावे.