अस्वलाच्या डाव्या हाताला

एका जंगलात टेकडीवर एक महाविद्यालय होते आणि ओढ्याकाठी दुसरे. दोघांत वर्षातून फुटबॉलचा एकच सामना होत असे. पण मुलांनो, त्या एका सामन्यापायी भांडणे बारा महिने चालत. टेकडीवरच्या सशाशी ओढ्याकडचे ससे सोयरीकसुद्धा करत नसत! जिंकणाऱ्या संघाला एक लाकडी ढाल मिळे. ती अकरा वर्षे टेकडीवरच होती, कारण टेकडीचे कप्तान होते एक थोराड अस्वल. ते गोलात उभे राहिले की चेंडू आत जायचे नावच घेत नसे. "ढाल कुठे? टेकडीवर, खुंटीला!" असे टेकडीची माकडे ओरडत, आणि ओढ्याच्या संघाचा कप्तान कोल्हा दात-ओठ खात घरी जाई.

सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही कप्तानांनी एकत्र बसून गूळ-शेंगदाणे खायचे, अशी जुनी रीत होती. त्या वर्षी कोल्हा अस्वलाच्या डावीकडे बसला होता. त्याने वाटी पुढे केली, तर अस्वलाचा हात भलतीकडेच गेला आणि शेंगदाणे सांडले.

"अस्वलदादा, काय झालं?"

अस्वल हळूच म्हणाले, "मध काढताना माशी डसली रे. डावा डोळा गेला. आमच्या पोरांना सांगितलं नाही, उगाच हातपाय गाळतील. उद्याचा माझा शेवटचा सामना, तेवढा धड पार पडू दे. कुणाला बोलू नकोस."

"माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही, दादा," कोल्हा म्हणाला. तेव्हा तरी तो मनापासून बोलला होता.

पण परतीच्या वाटेवर माकडांची तीच आरोळी कानी पडली आणि त्याचे मन फिरले. सकाळी त्याने आपल्या संघाला सांगितले, "आज प्रत्येक चेंडू अस्वलाच्या डाव्या हाताला मारायचा. का, ते विचारू नका." डोळ्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. म्हणजे आपण वचन पाळले, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कोल्हाच तो!

चार गोल झाले. प्रत्येक वेळी चेंडू आत गेल्यावर अस्वल मान वळवी आणि जाळीत तो चाचपडत शोधी. चौथ्या गोलाला तर टेकडीचीच माकडे ओरडली, "म्हातारं झालं, घरी बसवा!" ते ऐकून कोल्ह्याचे हसू ओठावरच विरले.

हरलेल्या कप्तानाने ढाल आपल्या हाताने द्यायची, असा रिवाज होता. कोल्हा ती घ्यायला निघाला आणि नकळत वळसा घालून अस्वलाच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला. तेवढ्यात टेकडीच्या एका हरणाने विचारले, "दादा, सगळे चेंडू डावीकडेच कसे आले हो?"

"पोरांचे पाय चांगले बसले होते. मला जमलं नाही," अस्वल म्हणाले. मग फक्त कोल्ह्याला ऐकू जाईल असे पुटपुटले, "आत्ता बरा आलास माझ्या दिसत्या बाजूला."

कोल्ह्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. ढाल हातात होती, पण ती त्याला वर उचलवेना. सगळे पांगल्यावर तो अस्वलाच्या गुहेपाशी गेला. "दादा, चुकलो. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगतो."

"नको," अस्वल म्हणाले. "ते सांगायचं तर डोळ्याचंही सांगावं लागेल. मग आज हसले ते उद्या कीव करतील. एकदा शब्द मोडलास, आता तरी पाळ."

कोल्ह्याने तो पाळला. ओढ्याकाठी त्या चार गोलांचे कौतुक वर्षानुवर्षे होत राहिले, आणि ते सगळे त्याला मुकाट्याने ऐकून घ्यावे लागले.

तात्पर्य : प्रतिस्पर्ध्याने विश्वासाने सांगितलेल्या दुखण्यावर घाव घालून विजय मिळवू नये, असा विजय मिरवताही येत नाही आणि परतही करता येत नाही.