भिवाजी कुंभाराचा गळका रांजण

फार जुनी म्हणावी तर तितकी जुनी नाही, आणि कालची म्हणावी तर तितकी ताजी नाही, अशी ही गोष्ट. एक गाव होतं, अख्खं खडकावर वसलेलं. कुदळ मारली तर ठिणगी उडायची, ढेकूळ काही निघायचं नाही. मग लोक खालच्या ओढ्याकाठची माती पाट्या भरभरून डोक्यावरून आणायचे, दारातल्या रांजणात भरायचे आणि त्यात अळू लावायचे. अळूला पाण्यात पाय बुडवून बसायला आवडतं, त्यामुळं ते असं माजायचं की विचारू नका! अळूची भाजी, अळूच्या वड्या, अळूचं फदफदं. पाहुणा आला की अळू, पाहुणा गेला की उरलेलं अळू.

या गावात भिवाजी कुंभार राहायचा. त्याच्या रांजणांचं पंचक्रोशीत नाव होतं. नवा रांजण भट्टीतून निघाला की तो काठोकाठ पाण्यानं भरून दिवसभर कोरड्या राखेवर ठेवायचा. संध्याकाळी राखेवर थेंबाचा डाग दिसला, तर स्वतःच्या हातानं तो रांजण फोडायचा. "कुंभाराच्या दारात गळकं भांडं दिसलं की त्याची अब्रू गेली," असं त्याचा बाप म्हणायचा, आणि भिवाजीनं त्याची मनाशी खूणगाठ बांधली होती.

त्याची लेक पारू खालच्या गावात दिली होती. तिला दिवस गेल्याचा निरोप आला, तसा भिवाजी आपल्या बायकोला, चांगुणाला, घेऊन तिच्या सासरी गेला. पारूची सासू मोठी मिश्कील बाई. पानात वाढता वाढता म्हणाली, "घ्या व्याहीबुवा, पोटभर भरली वांगी घ्या. तुमच्याकडं आलं की आहेच आपलं अळू!"

सगळे हसले. पारूही हसली, आणि ते भिवाजीला जरा जास्तच झोंबलं. त्यानं मिशीवर हात फिरवला. "विहीणबाई, पारूचं डोहाळजेवण आमच्या घरी. त्या दिवशी माझ्या दारातल्या झाडाची वांगी तुमच्या पानात वाढली नाहीत, तर नावाचा भिवाजी नाही!"

निघताना पारू हळूच म्हणाली, "आबा, खरंच लावा हं. मला माहेरच्या दारचंच वांगं खावंसं वाटतंय." झालं! आता माघार कसली घेतो!

घरी आल्या आल्या भिवाजीनं आपला सगळ्यात मोठा, सगळ्यात देखणा रांजण दारात मांडला. त्यात माती भरली, शेणखत कालवलं, आणि मधोमध वांग्याचं एक रोप लावलं. रोज सकाळी घागरभर पाणी. पंधरा दिवस रोप मजेत होतं. मग पानं पिवळी पडायला लागली.

"तहान लागली असेल," भिवाजी म्हणाला आणि दोन घागरी ओतल्या. पानांनी माना टाकल्या. शेजारी म्हणाला, "अळूला बघ कसं भरपूर लागतं. कमी पडतंय तुझं पाणी." भिवाजीनं तीन घागरी ओतल्या. रोपाची पानं एकेक करून गळायला लागली, आणि भिवाजीची जेवणावरची वासना उडाली.

एक दिवस चांगुणानं पदर खोचला, रांजणात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माती वर काढली आणि हुंगली. "शी! आंबलीय ही. अहो, बुडाशी पाणी साठलंय. रांजणाला खाली भोक पाडा."

"भोक? माझ्या रांजणाला?" भिवाजी असा ओरडला की दारातलं गाढव दचकलं. "अगं, सात पिढ्यांत आमच्या घरात गळका रांजण कुणी ठेवला नाही!"

"सात पिढ्यांत वांगं तरी कुणी खाल्लं का घरचं?" चांगुणा म्हणाली. "तुमचं दोन दिवस पोट साफ झालं नाही, तर घर डोक्यावर घेता. त्या बिचाऱ्याला महिनाभर नुसतं पाजताय, आणि जायला वाट कुठाय?"

भिवाजी रुसून चाकावर जाऊन बसला. पण त्या दिवशी त्याचं एक मडकं धड होईना. एकीकडे बापाचा शब्द, दुसरीकडे लेकीचा डोहाळा. दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याला ओघळ दिसणार, गिऱ्हाइकं पाठ फिरवणार, गाव टिंगल करणार. आणि भोक पाडताना रांजणच तडकला तर? भिवाजीला खरोखर भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी रोपावर चारच पानं उरली. भिवाजी उठला, सुताराकडून गिरमिट मागून आणलं आणि रांजणाच्या बुडाजवळ टेकवलं. चांगुणानं दोन्ही हातांनी रांजण धरून ठेवला. गिरमिट हळूहळू फिरलं, खापराचा भुगा पडला, आणि भस्सकन काळंकुट्ट, घाण वासाचं पाणी दोघांच्या पायांवर आलं. दोघंही नाक धरून मागं पळाली. आणि मग चांगुणाला असं हसू फुटलं की भिवाजीलाही आवरेना.

गाव हसलं ते वेगळं. "भिवाजीचा रांजण गळतो हो!" पारावर दुसरा विषय नव्हता. एका गिऱ्हाइकानं सांगितलेले दोन रांजण नकोत म्हणून निरोप धाडला. भिवाजीला वाईट वाटलं, पण भोक काही त्यानं बुजवलं नाही. आता तो बोट खुपसून बघायचा, वरची माती कोरडी लागली तरच पाणी घालायचा.

आठवड्याभरात शेंड्याला हिरवं टोक दिसलं. महिन्यात झाड कमरेएवढं झालं, त्याला काठीचा आधार द्यावा लागला. मग जांभळी फुलं आली, आणि एका सकाळी पानाआड बोटाच्या पेराएवढं वांगं! भिवाजीनं ते आधी गाढवाला दाखवलं, कारण चांगुणा नेमकी पाणवठ्यावर गेली होती.

डोहाळजेवणाच्या दिवशी पारू हिरवी साडी नेसून, फुलांनी नटून पाटावर बसली. शेजारी विहीणबाई. चांगुणानं दोघींच्या पानात भरली वांगी वाढली. विहीणबाईंनी एक घास घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"कशी आहेत?" भिवाजीनं न राहवून विचारलं.

"खाताना बोलू नये माणसानं," विहीणबाई म्हणाल्या आणि पान पुढं सरकवलं. "वाढा आणखी."

पारूनं तर चार वांगी खाल्ली आणि डोळे पुसत म्हणाली, "आबा, तुम्ही माझ्यासाठी रांजणाला भोक पाडलंत!" भिवाजीनं उगाच तिच्या पानात पाचवं वांगं वाढलं.

निघताना विहीणबाई दारातल्या झाडापाशी थांबल्या. खाली वाकून त्यांनी ते भोक नीट पाहिलं, बोट घालून पाहिलं. "व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "मला अंगणात ठेवायला दोन रांजण हवेत. पण असेच, गळके. आणि भोक तुमच्याच हातचं पाहिजे."

"उद्याच धाडतो," भिवाजी म्हणाला, आणि छाती फुगवून चांगुणाकडं बघायला लागला, जसं काही भोक पाडायचं त्यालाच सुचलं होतं.

तर पोरांनो, याचं तात्पर्य एवढंच: आलेलं सगळं पोटात धरून ठेवलं की कुजतं, नको ते जायला वाट ठेवली की फळतं. मग ते पाणी असो, नाहीतर वडिलोपार्जित हट्ट.