तोंडपाठ चेहरा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की राज्याचे नाव आता नीट आठवत नाही, आणि आठवले तरी त्यावर विसंबावेसे वाटत नाही. एवढे मात्र पक्के, की तिथे एक शास्त्रीबुवा राहत होते. विद्या अफाट, पण दाराला कडी लावली की नाही हे तीनदा बघून येत.

एके दिवशी वैद्याने सांगितले, "वर्षभरात तुमची दृष्टी जाईल." शास्त्रीबुवांनी ठरवले, त्याआधी बायकोचे हुबेहूब चित्र काढायचे. एकदा हाताने उतरवला, की डोळे गेल्यावरही तो चेहरा आपल्यापाशी राहील.

गावातल्या चितारणीने त्यांना जवसाच्या तेलात रंग खलायला शिकवले. "हा रंग लवकर वाळत नाही," ती म्हणाली. "चुकलं तर पुसायचं."

जन्मभर चुकण्याची धास्ती बाळगलेल्या शास्त्रीबुवांना ते ऐकून भरून आले.

चित्र झाले. बायको म्हणाली, "छान आहे हो. पण ही बाई कोण?"

चितारीण हसली. "शास्त्रीबुवा, यांना समोर बसवलं होतं का?"

"कशाला? चाळीस वर्षांचा संसार. चेहरा तोंडपाठ आहे."

"तिथंच घोळ झाला. तोंडपाठ झालेली पोथी उघडतं का कुणी?"

रंग ओलाच होता. शास्त्रीबुवांनी तो चेहरा पुसला आणि बायकोला खिडकीपाशी बसवले.

"डाव्या भुवईवरची ही खूण कधीची गं?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची. पोथ्यांचं फडताळ माझ्या अंगावर आलं होतं. तुम्ही धावत आलात, आणि आधी पोथ्या उचलल्यात."

"कधी बोलली नाहीस."

"आता बघताय ना, तेवढं पुरे. नाक तरी सरळ काढा."

रोज ते पाहत, रंगवत, पुसत. ती खूण त्यांनी दाट रंगाने उठवली. चित्रापुढे बराच वेळ उभी राहून बायको म्हणाली, "ही मी."

थंडी सरता सरता डोळे गेले. शास्त्रीबुवा मात्र चितारणीचे आणि सावकाश वाळणाऱ्या त्या तेलाचेही आभार मानत राहिले. फक्त एक शंका छळे: समोरच्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, खूण भलत्याच भुवईवर तर गेली नसेल? विचारायचा धीर होईना.

पुष्कळ वर्षांनी एका दुपारी त्यांनी एक बोट चित्रावर ठेवले, दुसरे बायकोच्या कपाळावर. खूण डाव्या भुवईवरच होती, दोन्हीकडे.

बोध एवढाच: जवळच्या माणसाचा चेहरा पाठ करू नये, रोज पाहावा.