नको म्हणणारं माप

फार वर्षांपूर्वी याकूबमियांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात एक जुनी रायफल दुरुस्तीला आली. सोबत मालकाने नवं, जादा दारूचं मॅग्नम काडतूस पाठवलं होतं.

"मावशी, मला आत घ्या. तुमची गोळी डोंगरापलीकडे जाईल!" काडतूस म्हणालं. रायफल हरखली.

याकूबमियांचं नळी तपासायचं पोलादी माप तिच्या नळीत शिरून म्हणालं, "नको गं बाई. ते आत मावेल, पण त्याचा दाब तुला सोसणार नाही."

"मेल्या, माझं चांगलं बघवत नाही तुला!" रायफल कडाडली.

कोपऱ्यातली फुटक्या नळीची बंदूक हळूच म्हणाली, "मी असंच काडतूस घेतलं आणि माझ्या धन्याचा डोळा गेला. तेव्हा मला नको म्हणणारं कुणी नव्हतं."

रायफलीला आपल्यावर विश्वासाने टेकणारा मालकाचा गाल आठवला. ती मापाला म्हणाली, "बाबा, तुझे उपकार विसरणार नाही. दरवर्षी येईन. असाच आत डोकावत जा."