राजाने न घेतलेला काढा

एक भिक्षू सोबत्यांनी आणलेली भिक्षा संशयाने टाकून देतो, हे कळल्यावर तथागतांनी भिक्षूंना ही कथा सांगितली. पूर्वी शिरीषपूर नगरात धृतसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याच नगरात वैद्यकी करून राहत होते. त्यांचे नाव सुमंगल.

धृतसेनाच्या पित्याला सख्ख्या भावाने खिरीतून विष दिले होते. ते मरण धृतसेनाने लहानपणी डोळ्यांनी पाहिले. गादीवर बसल्यापासून तो दुसऱ्या कोणाकडून चाखवून घेतल्याशिवाय काही खात नसे. आधी आचारी चाखी, पुढे राणी वसुलेखाला चाखावे लागले. तिने कधी तक्रार केली नाही. पहिला घास घ्यायचा आणि त्याची नजर आपल्या चेहऱ्यावरून हटेपर्यंत मान खाली घालून बसायचे, हे तिच्या अंगवळणी पडले.

एका वर्षी नगरात ज्वराची साथ आली. राणीने अंथरूण धरले. सुमंगल वैद्यांनी काढा करून आणला.

राजा म्हणाला, "आधी हा दासीला पाजा. उद्यापर्यंत ती धड राहिली, तर राणीला देऊ."

"महाराज, हा ज्वर उद्याची वाट पाहत नाही. तुमच्यासमोर मीच पितो." वैद्यांनी अर्धा काढा पिऊन दाखवला.

"विषावरचा उतारा आधीच पिऊन आला असाल," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः वाटी घेऊन राणीपाशी गेला. "घे. मी खात्री करून घेतली आहे."

"कोणाला पाजून?" राणीने विचारले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. वाटीला तिने हात लावला नाही. दुपारी ती गेली.

राजाने दोष वैद्यांवर ठेवला आणि त्यांना हद्दपार केले. महिन्याभरात त्यालाही तोच ज्वर चढला. हे कानी येताच सुमंगल काढा घेऊन आले.

"हद्दपार केले होते ना? का आलात?"

"तुम्ही आजारी आहात म्हणून."

राजाला ते खरे वाटले. त्याला काढा प्यायचाही होता. पण वाटी ओठांपाशी नेली की हात आपोआप मागे येई. पुन्हा पुन्हा त्याने वाटी उचलली आणि खाली ठेवली.

"वैद्यराज, मला जमत नाही हो," तो रडत म्हणाला.

सुमंगल रागावले नाहीत. उशाशी बसून वारा घालत राहिले. तिसऱ्या प्रहरी राजाने प्राण सोडला.

एवढे सांगून तथागतांनी कथा संपवली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, सोबत्यांनी आणलेली भिक्षा संशयाने टाकून देणारा आपला हा भिक्षू तेव्हा धृतसेन होता. त्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका ती वसुलेखा. सुमंगल वैद्य मीच होतो."

त्या राजवाड्यात बोधिसत्त्वांना एकही जीव वाचवता आला नाही. तरी त्यांनी मैत्री सोडली नाही. ही त्यांची मैत्रीपारमिता, म्हणजे सर्वांविषयीच्या स्नेहभावाची परिपूर्णता होय.