अनसूचे हात

फार लांब नाही आणि फार जवळही नाही, अशा एका खाडीच्या काठी केवड्याचं बन होतं. सोन्यासारखी पिवळीधमक कणसं, हिरवीगार लांबलचक पानं आणि पानांच्या कडांना करवतीसारखे काटे. बनाचा मालक होता दाजीबा. त्याच्यासाठी कणसं काढायची ती लहानगी अनसू. तिला बाबा नव्हते, आई अंथरुणाला खिळलेली आणि घरात धाकटी बहीण चिमणी. टोपली भरली तर तांदूळ मिळत. नाही भरली तर चूल थंड.

अनसूनं पानांत हात घातला की हातावर लालचुटुक रेघा उमटत. दाजीबा ओसरीवरून म्हणे, "बघा, काय सोशिक पोर आहे. हूं नाही की चूं नाही."

फुलं घ्यायला आलेल्या बायकाही म्हणत, "गुणाची गं बाई."

हात मात्र कुणी बघत नसे.

एका कोवळ्या सकाळी काट्यात काहीतरी चमचमलं. अंगठ्याएवढी इवलीशी परी, मोतिया रंगाचे पंख, आणि एक पंख काट्यात अडकलेला. अनसूनं खांद्यापर्यंत हात घालून तिला अलगद सोडवलं. परीनं तो हात पाहिला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे काय झालंय तुझ्या हाताला?"

"काही नाही. केवडा काढते ना."

"रोज?"

"रोजच."

परी मटकन पानावर बसली. "आणि कुणी काही म्हणत नाही?"

"म्हणतात ना. सोशिक म्हणतात."

परीनं आपले चुरगळलेले पंख सावरले. मग म्हणाली, "मी वस्तू देत नाही, शब्द देते. तू जो शब्द मागशील, तो तुझ्या अंगात येईल. काय मागायचं ते मी सांगायचं नाही, असा नियम आहे. आणि दुसरा हवा असेल, तर पहिला परत द्यावा लागेल."

"मग मला खूप खूप सोशिकपणा दे. म्हणजे दुखणार नाही."

परीला नाही म्हणावंसं वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

त्या दिवशी अनसू गाणं गुणगुणत काम करत होती. काटे टोचत होते, पण तिला कळतच नव्हतं. टोपल्यांवर टोपल्या भरल्या. संध्याकाळी आईनं तिचा हात हातात घेतला आणि ती हादरली. तळव्यात बोटाच्या पेराएवढा काटा रुतला होता.

"अनसू, हा काटा केव्हाचा?"

"कुठला काटा, आई?"

तेवढ्यात दाजीबा दाराशी आला. "अनसूला तर काहीच होत नाही. उद्यापासून चिमणीलाही पाठवा. चार वर्षांची झाली की आता."

आईनं चिमणीला जवळ ओढलं. अनसू मात्र पळत बनात गेली.

"परी, तुझा सोशिकपणा परत घे."

"पुन्हा दुखेल हं."

"दुखू दे. दुखलंच नाही, तर चिमणीला काय होतंय ते तरी मला कसं कळणार?" अनसूनं डोळे पुसले. "चिमणी चालायला शिकत होती ना, तेव्हा सारखी पडायची. मोठ्यानं रडायची आणि पुन्हा भिंत धरून उभी राहायची. आई म्हणायची, काय चिकाटी आहे पोरीला. मला ती दे."

परीनं इवल्या टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी अनसूचे हात आगीसारखे झोंबू लागले.

दुसऱ्या दिवशी ती बनात गेली नाही. दाजीबाच्या ओसरीच्या आढ्याला एक आकडी टांगलेली होती, लांब काठीच्या टोकाला बांधलेली कोयती. त्या आकडीनं लांबूनच कणीस काढता येतं.

"दाजीबा, ती आकडी द्या."

"तिनं कणसाला खोच पडते. गिऱ्हाईक नाक मुरडतं."

"आम्हालाही खोच पडते."

"जा, कामाला लाग."

अनसू गेली नाही. पायरीवर बसली, तळहात वर करून. थोड्या वेळानं तिनं पुन्हा आकडी मागितली. तो ओरडला, ती रडली, डोळे पुसले आणि पुन्हा मागितली. फुलं घ्यायला बायका जमल्या.

"काल केवढी गुणाची होती," दाजीबा त्यांना म्हणाला, "आज बघा कशी हट्टाला पेटलीय."

सगुणाकाकू वेणीसाठी केवडा घ्यायला वाकल्या होत्या. वाकल्यामुळे त्यांना अनसूचे तळहात दिसले. त्या तशाच थबकल्या.

"माझ्या वेणीतला केवडा असा येतो?"

त्यांनी केसांतला केवडा काढून पायरीवर ठेवला. मग दुसरीनं ठेवला, मग तिसरीनं.

"हा हट्ट नाही, दाजीबा," काकू म्हणाल्या. "रडूनही पोर जागची हलली नाही, तिची चिकाटी आहे ही. आणि काल आपण सोशिकपणा म्हणत होतो ना, ते आपलं न बघणं होतं. खोच पडलेलं कणीस चालेल आम्हाला. काढा ती आकडी."

दाजीबानं खाली मान घालून आकडी काढली.

अनसूनं लांबूनच पहिलं कणीस उतरवलं. ते अलगद उमललं आणि आतून परी बाहेर आली. तिनं अनसूच्या हातांवरून पंख फिरवले. जखमा भरल्या, रेघा सोनेरी झाल्या आणि त्यांना केवड्याचा मंद वास येऊ लागला. मग तिनं एक पंख अनसूच्या घराच्या दिशेनंही झटकला. तिथं दारात आई स्वतःच्या पायांवर उभी होती, चिमणीला कडेवर घेऊन.

"चिकाटी परत द्यायची का?" अनसूनं विचारलं.

"ती तुझीच होती," परी हसून म्हणाली. मग सोनेरी धुळीसारखा लख्ख उजेड झाला आणि त्या उजेडात ती विरघळून गेली.

त्या खाडीकाठी अजूनही केवडा फुलतो. तिथं कुणी कुणाला सोशिक म्हणालं, की बाकीचे सगळे आधी त्याचे हात बघतात.