रेडिओची खरखर

गाडीत रेडिओला मान होता, तेव्हाची गोष्ट. दसऱ्याला एक जुनी जीप नव्या रंगात झळकली आणि तेव्हापासून तिचा रेडिओ खरखरू लागला. "याचा घसाच बसलाय, काढून टाका याला!" हॉर्न खेकसला. रेडिओ बिचारा ओशाळला.

एकदा घाटात चहासाठी जीप थांबली. इंजिन बंद होताच रेडिओ स्वच्छ गाऊ लागला. म्हणजे खरखर इंजिनाची होती, ऐकू मात्र रेडिओतून येत होती.

"ती गिळायचं काम माझं," बॉनेटखालची अर्थिंगची तार कळवळून म्हणाली. "पण त्यासाठी मला उघड्या पत्र्याला टेकावं लागतं. मालकानं माझ्या पायाखालीही रंग फासला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, बाई?" रेडिओनं हळूच विचारलं.

"कशी बोलणार? तुम्ही सगळे रंगाचं कौतुक करत होतात ना!"